पेलाभर दूध

ती. मोठे भाऊजी यांस, नमस्कार.

तुमच्या धाकट्या भावाला आता पेला धरता येत नाही, मीच पाजते. वीस वर्षं त्यांनी तुमच्या हाताखाली वेल्डिंग केलं. मास्क मागितला की तुम्ही पेलाभर दूध पुढे करायचात. ‘दुधाने धूर धुऊन निघतो,’ म्हणायचात आणि स्वतःही प्यायचात.

डॉक्टर म्हणाले, कंपवात धुरातल्या धातूमुळे असू शकतो, खात्री नाही. पण पहिल्या थरथरीलाच काम सोडलं असतं, तर कदाचित एवढं वाढलं नसतं.

काल आमच्याकडे तुमच्या हातून चहा बशीत सांडला. ‘वय झालं, दुसरं काय,’ म्हणत तुम्ही कामावर निघालात. मी हसून बशी पुसली.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंत तर उद्यापासून घरी बसाल.

दूध तेवढं न चुकता घेत जा.

तुमची धाकटी भावजय