मोरपिसाची माशी

३ फेब्रुवारी १९८५, रविवार
पाचवीही बिघडली. ट्राउट माशाला फसवायची ही खोटी माशी — गळावर मोरपिसाचं अंग, मध्ये लाल रेशमाचा पट्टा, पाठीवर बदकाचे दोन पांढरे पंख. नाव रॉयल कोचमन. शेजारच्या वॉल्टरचा मोतीबिंदू मी काढला, त्या प्रेमापोटी त्याने शिकवायला घेतलंय.

अंग जमतं, पट्टा जमतो. पंख बांधताना उजवा हात कापतो आणि पंख कलंडतात. हाताचं हे नोव्हेंबरपासून चाललंय. कोणाला सांगितलेलं नाही, बायकोला, मृणालिनीलाही नाही. डोळ्यात घालतो त्या टाक्यापुढे हा दोरा म्हणजे सुतळी. सुतळी बांधता येत नसेल तर पुढचं उघड आहे.

९ फेब्रुवारी, शनिवार
माझा मित्र अनिल जवळच्या शॉमबर्ग गावाहून त्याच्या आईला, आक्कांना घेऊन आला. नुकत्याच नागपूरहून इकडे परदेशात आल्यात. उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू.
"गोऱ्या डॉक्टरचा हात नको बाबा. आपला माणूस हवा."
"आई, चंद्रशेखरच करणार. मी शेड्यूल करून टाकतो," अनिल म्हणाला.
मी हो म्हणालो. सात मार्च. नाही म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं.

स्वतःला अट घातली — त्याआधी एक तरी माशी निर्दोष बांधायची. नाही जमली तर ऑपरेशन बंद.

१७ फेब्रुवारी
अकरा झाल्या. सगळ्या कचऱ्यात.

वॉल्टर म्हणाला, "डॉक, दोरा एवढा आवळू नकोस. रिलॅक्स." मी हसलो. त्याला वाटतं मी घाई करतो.

२४ फेब्रुवारी, रविवार
मोरपीस संपलं. बाहेर फूटभर बर्फ, गाडी निघेना. देवघरात कृष्णामागे खोचलेल्या पिसाचे चार तंतू काढून घेतले. मृणालिनीच्या लक्षात येणार नाही अशी खात्री होती. पंचवीस वर्षांच्या संसारानंतरही माणूस इतका बावळट राहू शकतो.

२ मार्च, शनिवार
सकाळी बेसमेंटमध्ये गेलो. काल वैतागून अर्धी सोडलेली माशी पूर्ण झालेली. पंख ताठ, सरळ, सारखे.

वर मृणालिनी फुलवाती वळत बसली होती.
"तू केलीस?"
"वॉल्टरला फोन करून विचारलं. वाती वळणाऱ्याला काय कठीण आहे त्यात."
"पण का?"
"माझ्या कृष्णाच्या पिसाची काडी व्हायच्या आत." मग मान वर न करता म्हणाली, "गणपतीच्या आरतीला तुमच्या हातातलं निरांजन हलत होतं. मी वाट बघत होते, तुम्ही कधी बोलाल."

म्हणजे सप्टेंबरपासून. माझ्याही आधी तिला कळलं होतं. राग आला. मग लाज वाटली, आणि बऱ्याच महिन्यांनी नीट जेवलो.

४ मार्च, सोमवार
हॉस्पिटलमध्ये चीफला सांगितलं. यापुढे ऑपरेशन नाही, फक्त तपासणी. दहा मिनिटांत आटोपलं. सव्वीस वर्षं केलेलं काम.

अनिलला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आईला मात्र तूच सांग यार." आक्कांना खरं कारण सांगायचा धीर झाला नाही. म्हटलं, माझ्या जोडीच्या डॉक्टर मिलरचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. त्यांनी एवढंच विचारलं,
"मग तू जवळ थांबशील?"

७ मार्च, गुरुवार
ऑपरेशन उत्तम झालं. आक्का जाग्या होत्या, तोंडावर हिरवं कापड. मी बाजूला स्टुलावर, त्यांचा हात माझ्या उजव्या हातात, शेवटपर्यंत. बाहेर आणल्यावर म्हणाल्या, "किती घाबरला होतास रे. हात नुसता कापत होता. म्हणून मी घट्ट धरून ठेवला."