आत्याच्या मानाचं नाव

प्रिय ताई,
दिव्याहून सुदेशचा नमस्कार.

फोनवर बोलवत नाही म्हणून लिहितोय. मेघाली बरी आहे, उठून बसते, पेज पिते.

आई सुरंगीच्या बहरात जन्मली म्हणून आजोबांनी तिला सुरंगी म्हटलं. "सुकली तरी वास सोडत नाही," असं ती ऐटीत सांगायची. बाराव्याला येऊन तेच नाव तू बाळाच्या कानात सांगणार होतीस.

बाळ नवव्या दिवशीच गेलं गं. कल्याणच्या दवाखान्यात कार्डावर शेवटपर्यंत 'मेघालीची मुलगी' एवढंच होतं. बिननावाची कशी पाठवू? मीच कानात "सुरंगी" म्हटलं. तुझा मान घेतला, रागावू नकोस.

परसातली सुरंगी फुललीय का? पाळणा मात्र आता पाठवू नकोस.

तुझा,
सुदेश