लग्नाचं येसर मीच दळणार

माय, आज पाहुण्यांना मी येसराची आमटी वाढली. तुझ्या नातीला बघायला चारठाण्याहून मुलाची आई आणि मामा आले होते. येसर करायचं नाही असं मी आधी ठरवलं होतं. भाजल्या धान्याचं ते पीठ लग्नघरातलं, आणि माझ्यासारखीनं दळलेलं सोयरिकीच्या ताटात आलं न् कुणी विचारलं तर? म्हणून जिंतूरहून तयार छोल्यांचे दोन डबे आणले. कारखान्यातल्या डब्याला कोण विचारतंय, विधवेनं केलं का सवाष्णीनं! पण डबे फोडले आणि कपाळाला हात लावला. वर चित्रात टपोरे हरभरे, आत नुसता आंबूस लगदा. दोन्ही तसेच. लेक म्हणाली, "मम्मी, हे कसं वाढायचं? पाहुणे हात धुवायलेत." घरात भाजीची काडी नाही, बोरीचा आठवडी बाजार अजून दोन दिवसांवर. फळीवर येसराची बरणी तेवढी होती.

बरणीकडं बघत उभी राहिले आणि तू आठवलीस. धाकट्या भावाचं लग्न, झरीला आपल्या घरात जातं मांडलंय, पाच सवाष्णी दळायलात. माझा नवरा जाऊन वर्ष झालेलं. एकजण दम खायला उठते आणि मी सवयीनं खुंट्याला हात लावते. लहानपणापासून घरचं दळण माझंच. तू माझं मनगट धरतेस, सगळ्यांसमोर. "तू नको. शुभ काम हाय." तेवढंच. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. मी परसात भांडी घासत बसले, आणि दुपारी पहिलं ताट तू मलाच आणून दिलंस, वर तुपाची धार. काय करू त्या तुपाचं? लेक जेवलेली चालते, तिचा हात चालत नाही, हा कुठला ग तुझा न्याय! मी ते ताट पुसून खाल्लं, याचा मला अजून राग येतो.

तर आज उघडली बरणी. दोन मुठी येसर गार पाण्यात कालवलं, लसणाची खमंग फोडणी दिली, तिखट सढळ टाकलं आणि उकळी येईपर्यंत भाकरी थापल्या. कांदा बुक्कीनं फोडला. झाला स्वयंपाक. मुलाच्या आईंनी भाकर कुस्करली, दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "लय झ्याक झालंय. येसर कुणी दळलं वो?" लेक माझ्याकडं बघायली. शेजारणीचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. "मी दळलं," म्हणाले. "आन् लग्नाचंबी मीच दळणार हाय. ही पोर वाढवायला माझे हात चालले, मग येसराला न चालायला काय झालं?" मामांचा घास हातातच राहिला. बाई हळूच म्हणाल्या, "आमच्यात पाच सवाष्णी बसतात, ताई." मी म्हणाले, "बसू द्या की. सहावी मी."

बाईंनी भाकरीच्या तुकड्यानं वाटी पुसून घेतली. माय, पोरीची सोयरीक मी माझ्या तोंडानं मोडली असं वाटायलं होतं. मग त्यांनी वाटी पुढं केली, "वाढा आणखी." मामाही जेवले पोटभर. निघताना उंबऱ्यात बाईंनी माझा हात धरला, "गुरुवारी सुपारी फोडायला येतो. जातं धुऊन ठेवा, विहीणबाई."

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, लेकीला तर नाहीच. दुपारपासून ती साऱ्या गल्लीत सांगत फिरायलीय की तिची मम्मी कुणाला भीत नाही. फिरू दे. तू तिथं बसलेली असतीस तर मी तोंड उघडलं नसतं.