आबांचं नाव कागदावर चढलं

पुणे, १२ डिसेंबर १९३८

आये, तुझ्या पायांवर डोकं ठिवतो. हितं माझं बरं चाललंय. खोकला उतरलाय, काढा धाडू नगंस.

काल कालिजातल्या झाडपाल्याच्या खात्याला पंचवीस वर्सं झाली म्हणून मोठी सभा हुती. मी वाळलेली झाडं कागदावर चिकटवतो, तेच हे खातं. थोरले साहेब खात्याची सुरवात कशी झाली ते सांगत हुते. म्हणाले, "पहिली रानहळद आम्हांला वेल्ह्याच्या एका धनगरानं दाखवली."

नोकरी जायाचं भ्या वाटलं, तरी मागनं उठून बोललो, "साहेब, त्या धनगराला नाव हुतं. हैबती ढेबे. माजे आबा."

सगळी सभा मान वळवून बघाया लागली. मग साहेबांनी कपाटातनं ती पहिली रानहळद चिकटवलेला जुना कागद मागवला. "चूक माझी. तेव्हा नाव विचारायचं राहूनच गेलं," म्हणाले, आन् टाक माझ्याच हातात दिला. त्या कागदावर आबांचं नाव म्या लिवलं. शिकणाऱ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

गेनबा मास्तरांना एवढं दोनदा वाचाया सांग. तुजं डोळं कसं हायत? शेरडं व्याली का? एकटी रानात लांब जाऊ नगंस.

उखाण्याबिगर तू आबांचं नाव कधी तोंडानं घेतलं न्हाईस. घेऊ बी नगंस. उन्हाळ्यात हितं ये, नुसतं कागदावरच्या त्या नावावरनं बोट फिरव.

तुझाच लेक,
भीमा