ओल्या फळ्यांवरचे ठसे

बॉथेल, अमेरिका, नोव्हेंबर २००६

गलिना मॅडम,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच हे लिहायचा धीर होतोय.

रुही गेली त्याला काल महिना झाला. तुमच्या रशियातल्या बॅले स्कूलमध्ये क्लासआधी मुली लाकडी फ्लोअरवर झारीने पाणी शिंपडायच्या, पाय घसरू नयेत म्हणून. ती रीत तुम्ही इथल्या तुमच्या क्लासमध्येही लावलीत. रुही घरी बेसमेंटमध्ये प्रॅक्टिसआधी तेच करायची. आता रोज सकाळी मी शिंपडते. का, ते विचारू नका.

पाणी पडलं की ठसे उमटतात. टाचा नसतात, नुसती बोटांची टोकं, थेट आरशासमोरच्या दांडीपर्यंत.

"अजून हलकी हो," असं तुम्ही तिला म्हणायचात. पण तिच्या ताटातला भात मीच काढून घ्यायचे. "आई, जस्ट वन बाइट," ती म्हणायची. मी तुमचं नाव पुढे करायचे.

आज ठसे दांडीकडे गेलेच नाहीत. जिना चढून स्वयंपाकघरात आले आणि तिच्या खुर्चीपाशी थांबले. या वेळी टाचांसकट.

मी वरण-भाताचा कुकर लावलाय. तुम्हाला विचारलेलं नाही.

सुमेधा,
रुहीची आई