पहिल्या पानावरचं भांडण

प्रिय पमा,

आज तुला लिहायला बसले ती दुःखाने नाही, रागाने. दुःख आहे, ते त्याच्या जागी राहीलच. पण हा राग पोटात ठेवून माझ्याने अंकाचं काम होत नाही. आणि तो ऐकवायला तुझ्याइतकं हक्काचं माणूस मला दुसरं कोण आहे? तेव्हा ऐक. मधे बोलू नकोस.

तुझा फ्लेक्स लागलाय! जळगावात, तुझ्या कॉलनीच्या कोपऱ्यावर, औषधाच्या दुकानाला लागून. काल धुळ्याहून आले तेव्हा रिक्षातूनच दिसला. भाचीच्या लग्नातला तुझा फोटो. केसात गजरा, जो तू त्या दिवशी वहिनींची पाठ वळली की काढून पर्समध्ये टाकत होतीस. खाली मोठ्या अक्षरांत, ‘बालगोपाळांची लाडकी पमाआत्या’. आणि तुझ्या तोंडाशेजारी काय असेल? फुगा! कॉमिकमध्ये पात्रांच्या बोलण्याचा असतो तसला पांढरा फुगा. त्यात लिहिलंय, ‘मुलांनो, वाचत राहा, मोठे व्हा!’

पमे, हे वाक्य तू कधी म्हणालीस गं? मी तर शाळेपासून तुझ्याबरोबर आहे. कोणी लहान मूल तुझ्या कपाटाजवळ गेलं की तुझं पहिलं वाक्य ठरलेलं, “हात दाखव. धुतलेस?” आणि दुसरं, “पानाचा कोपरा दुमडलास तर आईला बोलावून घेईन.” निम्मी मुलं तिथूनच पळायची. उरायची ती पुढे आपली वर्गणीदार व्हायची.

बरं, फुगा काढला तो काढला, त्याचं शेपूट तरी तुझ्या तोंडाकडे वळवायचं! ते गेलंय थेट खाली, ‘शोकाकुल’ म्हणून जे फोटो छापलेत त्यातल्या एका मिशीवाल्या गृहस्थांकडे. म्हणजे तू न बोललेलं वाक्य शेवटी त्यांनीच म्हटलंय. मी भर रस्त्यात एकटी हसले. मग रडले. मग चिडले, ती अजून चिडलेलीच आहे.

कारण लोकांना अजूनही कळलेलं नाही आपण काय करत होतो ते. त्यांना वाटतं ‘चित्रवाद’ हे मुलांचं मासिक. “अंकात गोष्ट कुठे आहे?” असं विचारणारे किती भेटले! गोष्ट नाही हो, कॉमिकमधल्या गोष्टीबद्दल आहे. ती कोणी लिहिली, कोणी रेघा मारल्या, कोणी रंग भरले, एका चौकटीतून दुसरीत जाताना वाचकाने मधलं काय मनाने भरून घेतलं, याबद्दल आहे. मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसाठी काढलेलं त्रैमासिक आहे. हे तू दीपनगरच्या वाचनालयात एकदा इतकं तावातावाने सांगितलंस की तिथल्या सेक्रेटरींनी घाबरून तिथल्या तिथे वर्गणी भरली!

हा सगळा उद्योग सुरू कुठे झाला, सांगू? तुला वाटायचं, तुझ्या जळगावच्या घरातल्या त्या मागच्या खोलीत. मला वाटतं, भुसावळच्या आपल्या कॉन्व्हेंटमध्ये, सातवीच्या वर्गात. भूगोलाच्या पुस्तकात घालून तू मला कॉमिक दाखवत होतीस आणि सिस्टर मागे येऊन उभ्या राहिल्या. दुसरी कोणी असती तर रडली असती. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, “सिस्टर, हे जहाज चुकलंय. शीड एकीकडे फुगलंय आणि झेंडा दुसरीकडे उडतोय. वारा दोन बाजूंनी कसा वाहील? तेच कुमुदला सांगत होते.”

सिस्टर समुद्राकाठच्या. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, “खरंच चुकलंय.” मग ते कॉमिक काखेत मारून घेऊन गेल्या! वर्ष संपल्यावर परत दिलं तेव्हा आणखी दोन ठिकाणी पेन्सिलीने बारीक खुणा केलेल्या होत्या. एक मागच्या पानावरच्या होडीच्या वल्ह्याला. आठवतं? आपला पहिला वर्गणीदार म्हणायला हवं त्यांना.

तर आता मुद्द्यावर येते. तुझे शेजारी नाना. माणूस भला आहे, तुझ्या आजारपणात त्यांनी गाडी दारात उभी ठेवली होती, हे मी विसरत नाही. पण त्यांनी आता स्मृती समिती काढली आहे आणि समितीला ‘चित्रवाद’चा विशेषांक हवा आहे. काल तुझ्याच खोलीत, तुझ्याच खुर्चीवर बसून मला समजावत होते.

“कुमुदताई, आर्ट पेपरवर काढू. पहिल्या पानावर ताईंचा फोटो, आत मान्यवरांचे दोन शब्द. खर्चाचं तुम्ही मनात आणू नका. सन्मानाने समारोप करू.”

“कशाचा समारोप?”

“मासिकाचा. ताईच गेल्या, आता कोण चालवणार?”

“आणि मी काय तिथे पानं मोजायला होते का, नाना?”

“तसं नाही हो ताई. तुम्ही छपाईचं बघत होतात, ते काय आम्हाला माहीत नाही का?”

बघ! छपाईचं बघत होते! यात तुझाही दोष आहे, पमा. दर अंकात नाव तुझं एकटीचं. “कुमुदला आवडत नाही पुढे यायला,” असं तू लोकांना परस्पर सांगून टाकायचीस. मला कधी विचारलं होतंस? धुळ्याला आबांच्या प्रेसमध्ये उभं राहून मी तुझे लेख कापले, जोडले, तुझी अर्धा अर्धा पान लांब वाक्यं तोडली. आणि शेवटचा फोन आपटून ठेवलास तो कशावरून? तर मी तुझा एक परिच्छेद काढला म्हणून! त्यानंतर तुझा आवाजच ऐकला नाही मी. हे काही बरं केलं नाहीस.

पण नानांशी खरी जुंपली ती पहिल्या पानावरून. टेबलावर तयार पानं पडली होती. ती त्यांनी चाळली आणि चेहराच पडला त्यांचा.

आपली रीत त्यांना माहीत नव्हती. दुसऱ्या मासिकांत पहिल्या पानावर संपादकीय असतं, आपल्यात भांडण. आलेल्या पत्रांतलं सगळ्यात रागावलेलं पत्र पहिल्या पानावर, जसंच्या तसं, आणि त्याच्याखाली तुझं उत्तर. तू म्हणायचीस, जो वाचक चिडून लिहितो त्याने अंक खरा वाचलेला असतो. कौतुकाची पत्रं शेवटच्या पानावर, तीही जागा उरली तर!

या वेळचं पत्र नरडाण्याच्या देवरेंचं. तिथल्या कारखान्यात शिफ्टला असतात, आपले जुने वर्गणीदार आणि जुने भांडखोर. तू गेलीस त्याच आठवड्यात आलं, त्यांना काही कळायच्या आत. तू मागच्या अंकात त्या जुन्या कॉमिकबद्दल लिहिलं होतंस ना, ज्यात नायक केळीच्या बागेत लपतो आणि वर पिवळेधमक घड लोंबतात? ‘घड हिरवेच उतरवतात, पिकवायला नंतर ठेवतात, या चित्रकाराने आयुष्यात केळीची बाग पाहिलेली नाही,’ असं ठोकून दिलं होतंस.

देवरे लिहितात, ‘मॅडम, तुम्ही केळीच्या मळ्यात वाढलात म्हणून जगातली केळी तुमच्या मालकीची झाली नाहीत. रेघ मारणारा एक असतो, रंग भरणारा दुसरा. रंगासाठी तुम्ही रेघवाल्याला झोडपलंत. आणि हिरव्या पानांत हिरवा घड वाचकाला दिसेल तरी का? पिवळा केला तेच बरोबर. आधी माफी मागा, मग पुढचा अंक काढा.’

नानांनी ते दोनदा वाचलं. “हे? हे पहिल्या पानावर? ताईंचा फोटो सोडून हे?”

“दर वेळी असंच असतं.”

“दर वेळी त्या होत्या हो! आपल्यात गेलेल्या माणसाबद्दल असं छापतात का? लोक काय म्हणतील?”

मी म्हणाले, “लोक म्हणतील, अंक नेहमीसारखा निघाला.”

ते उठून गेले. समितीचा आर्ट पेपरही गेला त्यांच्याबरोबर. जाऊ दे.

वाटलं, निदान आबा तरी माझ्या बाजूने असतील. इतकी वर्षं आपला अंक छापतात. त्यांना फोन केला. ते आपल्या अहिराणीत म्हणाले, “ताई, बठ्ठं तयार शे, एक पहिलं पान बाकी शे.” देवरेंचं पत्र वाचून दाखवलं. मग हळूच, “पण ताई, मरेल मानूससंगे कोनी भांडस का?”

तुम्हीसुद्धा, आबा!

मग मी देवरेंनाच फोन लावला. एव्हाना त्यांना कळलं होतं. आवाज एकदम बसलेला. “ताई, फाडी टाका ते पत्र. माले माहीत नव्हतं हो. मी फार वाईट लिहिलं.”

पमे, त्या क्षणी मला सगळ्यांत जास्त राग आला तो या माणसाचा! मी म्हणाले, “का हो देवरे? पमा गेली म्हणून तो घड हिरवा झाला का?”

“नाही, पण...”

“रेघवाल्याला उगाच झोडपलं, असं तुम्ही म्हणालात. आता नाही वाटत तसं?”

“वाटतं ना. वाटतं तर खरंच.” मग म्हणाले, “पण ताई, माझं पत्र छापलं, तर खाली उत्तर कोण देणार? दर वेळी मॅडमचं उत्तर वाचायलाच तर मी लिहायचो. त्या अशा काही सोलून काढायच्या की मी बायकोला वाचून दाखवायचो.”

फोन ठेवला आणि तुझ्या खोलीत बसून राहिले. नाना बरोबर, आबा बरोबर, असंही क्षणभर वाटलं. खाली उत्तर नसेल तर ते भांडण कसलं? एकट्या पडलेल्या माणसावर ओरडणंच ते. तुझ्यासारखं लिहून तुझ्या नावाने उत्तर छापता आलं असतं मला. तुझी वाक्यं मी इतकी तोडली आहेत की जोडताही येतील. कोणाला कळलं नसतं. पण ते मी करणार नाही. तू बोलली नाहीस ते तुझ्या तोंडी घालायला जळगावात पुष्कळ लोक आहेत, त्यात माझी भर नको.

मग हात धुतले, पुसले, आणि तुझ्या कपाटातून ते कॉमिक काढलं. देवरेंची चौकट पाहिली. माणूस चुकीचं बोलत नाही, पमा. त्या काळी चित्रकार काळ्या रेघा मारून पान देऊन टाकायचा, रंग दुसरीकडे भरले जायचे. हे तूच मागे कधीतरी लिहिलं आहेस आणि तूच विसरलीस! त्या बिचाऱ्याला उगाच झोडपलंस.

मग मी पुढच्या चौकटीवर गेले.

पुढच्या चौकटीत नायकाला भूक लागते. तो हात वर करतो, घडातलं एक केळं तोडतो, सोलतो आणि मिटक्या मारत खातो! साल अगदी चार पाकळ्या होऊन खाली लोंबतं आहे. आता हे काही रंगवाल्याने केलेलं नाही. ही रेघच आहे. झाडावरचं कच्चं केळं असं सोलून तर बघ म्हणावं! चीक लागून बोटं काळी होतील, साल निघायचं नाही, आणि घास घशाखाली उतरायचा नाही. म्हणजे चित्रकाराने बाग पाहिलेली नव्हती, हे तुझं म्हणणं बरोबर. कारण मात्र साफ चुकीचं. आणि देवरेंचं कारण बरोबर, म्हणणं चुकीचं!

मी टेबलावर हात आपटला. पमे, पुढची चौकट का नाही पाहिलीस तू? सातवीत जहाजाचा झेंडा दिसणारी मुलगी तू, आणि केळीच्या घरातली असून तुला हे सोललेलं केळं दिसलं नाही? पिवळा रंग बघितलास आणि तिथेच तापलीस! तुझं नेहमीचं हेच. तापलीस की पुढचं पान उलटायचं नाही.

मला आधी हे तुला सांगायचं होतं. हात फोनकडे गेलासुद्धा. मग आठवलं.

तेव्हा मी काय केलं ते सांगते. पान घेतलं आणि उत्तर लिहिलं. तुझ्या वतीने नाही, माझं. ‘देवरे, तुम्ही अर्धे बरोबर आहात. प्रमिलाही अर्धीच बरोबर होती. आता दोघांनी पुढची चौकट बघा.’ असं सुरू होतं. छोटी वाक्यं आहेत, तुला आवडणार नाहीत. खाली माझं पूर्ण नाव घातलं आहे, आणि आत ‘संपादक’ लिहिलेलं असतं तिथेही. तू गेल्याची बातमी चौथ्या पानावर, चार ओळींत. त्यात ‘लाडकी’ हा शब्द नाही.

आबांना पाठवलं. त्यांचा फोन आला. आधी नुसते हसत होते. मग म्हणाले, “ताई, मनी बायकोले सांगं, कच्चं केळं सोलीसन दाखाड. भलतीच चिडनी ना ती! मंग, छापू?”

“छापा,” म्हणाले.

नाना बोलणार नाहीत काही दिवस. तुझ्या वहिनींनाही हे आवडायचं नाही. फ्लेक्सवरची पमाआत्या त्यांना बरी वाटते, कोणावर डाफरत नाही. मला नाही बरी वाटत. मला ती ओळखीची नाही.

एक वचन देते आणि थांबते. ‘चित्रवाद’ बंद होणार नाही आणि त्यात तुझी आरती कधी छापली जाणार नाही. तुझे जुने लेख मी पहिल्यापासून वाचायला घेतले आहेत. जिथे तू बरोबर होतीस, तिथे तुझ्यासाठी कोणाशीही भांडेन. जिथे चुकलीस, तिथे नाव घेऊन लिहीन, दयामाया न दाखवता. गेलीस म्हणून सूट मिळणार नाही तुला. देवरेंनाही मी फोनवर उत्तर वाचून दाखवलं. त्यांनी कळवलं आहे की त्यांना ते पटलेलं नाही, पुढचं पत्र ते लिहायला बसले आहेत.

तुझी, आणि आता तुझी विरोधकही,
कुमुद