फोटोतले झाकण परत मागणाऱ्या नोटिशीस उत्तर

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपालिका कार्यालय, दुसरा मजला.

विषय : गटाराच्या चेंबरचे झाकण तात्काळ परत करण्याबाबत.
संदर्भ : आपली दि. ९ ची नोटीस, तसेच नगरपालिकेच्या पेजवरील 'तक्रार मिटली' या सदरातले तेवीस फोटो.

महोदय,

१. अर्जदार वेल्डर असून त्याचे दुकान शाळेमागच्या गल्लीत आहे. दुकानासमोरचे चेंबर चार महिने उघडे होते. अर्जदाराने पेजवर अकरा वेळा तक्रार लिहिली. अकराही वेळा 'आपल्या सहभागाबद्दल आभार' असे उत्तर व सोबत एक हसरा चेहरा आला. स्वखर्चाने झाकण बसवू का, असे विचारायला तो कार्यालयात गेला, तेव्हा सरकारी चेंबरला हात लावल्यास गुन्हा दाखल होईल, असा दम मिळाला.

२. त्यानंतर अर्जदाराची थोरली बहीण त्यात पडली. ताई रुग्णालयात परिचारिका आहे. होती, असे लिहायला हवे. गुडघ्याच्या वाटीचे तीन तुकडे झाले. आईच्या माघारी जिने अर्जदाराला लहानाचे मोठे केले, ती आता त्याच्या खांद्याचा आधार घेऊन जिना चढते. अर्जदाराला याचा संताप आहे आणि तो कमी व्हावा अशी त्याची इच्छा नाही.

३. दुसऱ्या दिवशी आपले दोन कामगार आले. त्यांनी चेंबरवर झाकण ठेवले, फोटो काढला आणि झाकण उचलून पुन्हा टेम्पोत टाकले. हटकल्यावर त्यांतला वयस्कर माणूस म्हणाला, "दादा, झाकण एकच आहे. अजून तीन ठिकाणी फोटो काढायचेत." संध्याकाळी पेजवर 'तक्रार मिटली' झळकले. चारशे लाईक आले. अर्जदाराने मागचे सगळे फोटो पाहिले. लोखंड ओळखण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. तेवीस चेंबरांवर तेच झाकण, एका बाजूची कड उडालेले, मधोमध पिवळ्या रंगाचा ओघळ असलेले. हे पेजवर लिहिताच अर्जदाराला ब्लॉक करण्यात आले.

४. सबब अर्जदाराने सूड घेतला. हा शब्द विचार करून वापरला आहे. त्याने मेव्हण्याच्या फोनवरून त्याच चेंबरची गोड भाषेत नवी तक्रार टाकली. टेम्पो आला, झाकण ठेवले, फोटो निघाला. कामगार कोपऱ्यावर चहाला गेले, तेवढ्या दहा मिनिटांत अर्जदाराने झाकण चौकटीला वेल्ड करून टाकले. त्या दिवसापासून आपल्या पेजवर एकही तक्रार मिटलेली नाही.

५. अर्जदार झाकण द्यायला तयार आहे. पेजनुसार गावात तेवीस झाकणे आहेत, तेव्हा हेच का हवे, एवढे कळवावे. नगरपालिकेकडे एकच झाकण आहे, असे आपण स्वतःच्या सहीने पेजवर जाहीर करताच अर्जदार वेल्डिंग कापून ते आपल्या टेबलावर आणून ठेवील. त्या जागी बसवायचे झाकण त्याने घडवून ठेवले आहे.

६. गुन्हा दाखल करायचा असल्यास अवश्य करावा. मग चोरीला गेलेले झाकण त्याआधी कुठे कुठे होते, हे आपल्याला कोर्टात शपथेवर सांगावे लागेल. ऐकायला ताई पहिल्या बाकावर बसलेली असेल.

आपल्या उत्तराची आतुरतेने वाट पाहणारा,
पेजवरून ब्लॉक केलेला नागरिक
(सही)
वेल्डर, शाळेमागची गल्ली
दि. १२

सोबत : तेवीस फोटो, ताईच्या गुडघ्याचा एक्स-रे.